असई, 1803: गनिमी कावा सोडला म्हणून आपण हरलो का?

बखरवाचक

इतिहासाच्या गप्पा रंगल्या की एक वाक्य हमखास ऐकू येते. शिवछत्रपतींचा गनिमी कावा टाकून मराठ्यांनी परक्यांची कवायत आणि तोफा उचलल्या, आणि तिथेच घात झाला. लहानपणापासून मीही हेच मानत आलो. गेले काही महिने 1803 च्या युद्धाविषयी जे मिळेल ते वाचत आहे आणि आता हे वाक्य माझ्या तोंडून सहज निघत नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. हा तह शिंदे आणि नागपूरकर भोसले यांना मान्य नव्हता. ऑगस्ट 1803 मध्ये युद्धाला तोंड फुटले, इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला घेतला आणि 23 सप्टेंबर रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई गावापाशी त्याची गाठ दौलतराव शिंदे आणि दुसरे रघूजी भोसले यांच्या संयुक्त फौजेशी पडली. शिंद्यांच्या कवायती कंपूंत, म्हणजे युरोपीय धर्तीवर शिकवलेल्या पलटणींच्या तुकड्यांत, दहा हजारांहून अधिक पायदळ आणि शंभराहून अधिक तोफा होत्या, शिवाय घोडदळ अफाट होते. वेलस्लीजवळ प्रत्यक्ष लढाईत उतरलेले शिपाई साडेचार हजारांच्या आसपास. तरीही संध्याकाळपर्यंत 98 तोफा त्याच्या हाती लागल्या.

मात्र त्या विजयासाठी त्याला पंधराशेहून अधिक मृत आणि जखमी मोजावे लागले, म्हणजे दर तीन माणसांमागे एक. ज्या फौजेने शत्रूचे इतके नुकसान केले, तिची पद्धतच मुळात चुकीची होती असे म्हणता येईल का? जाणकारांनी मते मांडावीत.

रानवारा

मी जुन्या मतावर ठाम आहे. 1728 मध्ये पालखेडला पहिल्या बाजीरावांनी निजामाला कोंडले ते तोफखान्याच्या जोरावर नाही. निजामाच्या जड तोफा मागे पडल्या आणि त्याचे पाणी व रसद तोडली गेली म्हणून तो शरण आला. आपले बळ घोड्याच्या पाठीवर होते. तोफा आल्या की बैल आले, गाडे आले, बाजारबुणगे आले आणि फौज एका जागी जखडली गेली. जखडलेली फौज इंग्रजांना हवीच होती, कारण समोरासमोर उभे राहून लढण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हते.

हे केवळ माझे म्हणणे नाही. खुद्द वेलस्लीने नंतर अशा आशयाचे लिहिले आहे की, मराठ्यांनी युरोपीय अधिकारी आणि पायदळ कधीच बाळगले नसते तर ते इंग्रजांना अधिक भारी पडले असते. शत्रूनेच दिलेली ही कबुली आहे. आणखी पुरावा काय हवा?

माजी तोफखाना

रानवारा, वेलस्लीने ते लिहिले हे खरे. पण त्या दिवशी त्याचे काय झाले तेही पाहायला हवे. मी सैन्यात तोफखान्यात होतो आणि देवळालीला शिकलो. त्यामुळे असईचे वर्णन वाचताना माझे लक्ष आपोआप तोफांकडे जाते.

इंग्रज फौज केळणा नदी ओलांडून पुढे सरकली, तेव्हा शिंद्यांच्या तोफांनी पहिल्याच सपाट्यात त्यांच्या तोफा ओढणारे बैल आणि गोलंदाज इतके मारले की वेलस्लीला आपल्या तोफा तिथेच सोडून नुसत्या संगिनींवर पुढे जावे लागले. समोरच्या तोफखान्याला सुरुवातीलाच निकामी करणे हे आमच्या काळातही पहिले काम समजले जाई. ते शिंद्यांच्या गोलंदाजांनी चोख केले.

एका तोफेवर काय चालते तेही सांगतो, कारण ‘तोफा डागल्या’ या दोन शब्दांत ते कळत नाही. बार झाला की तोफ मागे हटते. ती पुन्हा जागेवर ढकलायची. नळीत विझायच्या राहिलेल्या ठिणगीने पुढची दारू पेट घेऊ नये म्हणून ओला सुंबा आत फिरवायचा. हे होत असताना एकाने अंगठ्याने तोफेचा कान, म्हणजे बत्ती देण्याचे छिद्र, घट्ट दाबून धरायचा, नाहीतर वारा आत जाऊन ठिणगी फुलते आणि सुंबा धरणाऱ्याचे हात जातात. मग दारूची थैली, मग गोळा किंवा छर्रा, मग ठासणी, मग नेम, मग बत्ती. समोरून संगिनी चालून येत असताना सहा-सात माणसांनी हे सगळे न चुकता, न घाबरता पुन्हा पुन्हा करायचे असते. त्यासाठी वर्षांची सवय लागते, आणि ती सवय या माणसांच्या अंगात होती.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. इंग्रजांच्या डाव्या बाजूच्या पलटणी तोफांवर येऊन पोहोचल्या तेव्हाही गोलंदाज पळाले नाहीत. अनेक जण तोफांपाशीच संगिनींनी मारले गेले. काही जण मेल्यासारखे तोफांखाली पडून राहिले आणि पलटणी पुढे निघून जाताच उठून त्यांनी त्याच तोफा फिरवून शत्रूच्या पाठीवर मारा सुरू केला. त्या तोफा परत घेण्यासाठी वेलस्लीला पलटण मागे वळवावी लागली, आणि त्या धुमश्चक्रीत त्याच्या घोड्याला भाला लागला. ज्यांनी हे केले त्यांची पद्धत चुकीची होती, हे मला मान्य नाही.

चैत्रपालवी

माजी तोफखाना काका, अंगठ्याने कान दाबण्याचा तपशील आयुष्यभर लक्षात राहील. मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे. एक प्रश्न विचारते. शिंद्यांची फळी केळणेच्या काठावर दक्षिणेकडे तोंड करून होती आणि वेलस्ली पूर्वेच्या बाजूने आला, असे वाचले. मग ती फळी बाजूने कापली कशी गेली नाही?

माजी तोफखाना

चैत्रपालवी, नेमका प्रश्न विचारलात. वेलस्लीचा डाव तोच होता. नदी ओलांडून फळीच्या टोकावर तुटून पडायचे, म्हणजे लांब फळीतील बहुतेक बंदुका आणि तोफा निरुपयोगी ठरतात. पण कंपूंचा सेनापती पोलमन, जो मूळचा हॅनोव्हरचा, त्याने शत्रू नदी ओलांडत असतानाच सगळी फळी काटकोनात फिरवली. नवी फळी पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली, तिची उजवी बाजू केळणेवर आणि डावी असई गावाला टेकलेली. हजारो माणसे आणि शंभर तोफा शत्रूसमोर असताना सरळ रांगेत फिरवणे म्हणजे कवायतीची परीक्षा असते. शिंद्यांच्या पलटणी ती करू शकतील असे वेलस्लीला वाटले नव्हते. त्यामुळे बाजूने करायचा हल्ला त्याला समोरूनच करावा लागला, आणि इतकी माणसे पडली ती त्यामुळेच.

केळणाकाठ

माझे आजोळ भोकरदन तालुक्यात आहे. लहानपणापासून या भागात फिरलो आहे, म्हणून जमिनीविषयी सांगतो.

केळणा आणि जुई या दोन नद्या इथे एकमेकींच्या जवळ येत जातात आणि पुढे मिळतात. मधला पट्टा पूर्वेकडे निमुळता होत जातो. लढाई झाली ती या बेचक्यात. नकाशावर नद्या बारीक दिसतात, पण काठावर उभे राहिले की कळते. काळ्या मातीच्या दरडी काही ठिकाणी दोन पुरुष उंच, सरळ तुटलेल्या, बाभळीच्या मुळ्या बाहेर लोंबत असलेल्या. पावसाळ्याच्या शेवटी तिथून बैलगाडी उतरवायची तर उतार, म्हणजे नदी ओलांडण्याची जागा, ठाऊक असावा लागतो. नाहीतर चाक रुतते आणि बैल गुडघ्यावर येतात.

वेलस्लीच्या वाटाड्यांनी त्याला सांगितले होते की इथे नदीला उतार नाही. दुर्बिणीतून त्याला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली, पिंपळगाव आणि वरूड. समोरासमोर वसलेल्या गावांत जाण्यायेण्याची वाट असणारच, असा अंदाज बांधून त्याने फौज तिकडे वळवली आणि उतार मिळाला. आमच्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याने हाच अंदाज बांधला असता. मला खंत वाटते ती याची, की ज्यांच्या घरच्या नद्या होत्या त्यांनी त्या उतारावर पुरेशी फौज आणि तोफा ठेवल्या नाहीत. पाण्यातून वर चढणारी फौज सर्वांत दुबळी असते.

सुमेधा_द

चर्चा तोफांवर आणि नदीवर छान चालली आहे, पण मला वाटते मूळ दुखणे लढाईच्या आधीचे आहे. दोआबातील, म्हणजे गंगा-यमुनेमधल्या मुलखातील, जहागिरीचे उत्पन्न लावून देऊन महादजी शिंद्यांनी द बॉयन्य या युरोपीय अधिकाऱ्याकडून कंपू उभे करवले, आग्र्याला तोफा ओतण्याचा कारखाना निघाला. 1790 मध्ये पाटण आणि मेडता येथे याच कंपूंनी राजपूत घोडदळाचे हल्ले परतवले. शस्त्र उत्तम होते, शिपाई उत्तम होते. मात्र पलटणीचा हुकूम देणारा वरचा थर जवळजवळ सगळा परदेशी होता, आणि त्यात इंग्रजी राज्याचे प्रजाजनही होते.

1803 मध्ये इंग्रजांनी नेमके तिथे बोट ठेवले. शिंद्यांची चाकरी सोडून येणाऱ्या अधिकाऱ्यांना पगार देण्याचा जाहीरनामा निघाला आणि अनेक अधिकारी ऐन युद्धात निघून गेले. द बॉयन्यनंतर उत्तरेतील सर्व कंपूंचा प्रमुख झालेला पेराँ सप्टेंबरमध्ये इंग्रजांच्या स्वाधीन झाला. डोके गेल्यावर धड लढत राहिले. 1 नोव्हेंबरला लासवारीला हेच कंपू इंग्रजांच्या जनरल लेकसमोर इतके चिवटपणे लढले की त्यांच्यावर फ्रेंच अधिकारी असते तर निकाल काय लागला असता याची शंका वाटते, असे लेकने स्वतः कळवले.

यशवंतराव होळकरांना हा धोका कळला होता. युद्धाच्या वेळी सोडून जाऊ पाहणाऱ्या आपल्या तीन अधिकाऱ्यांची त्यांनी मुंडकी उडवली. पण धाकाने अधिकारी तयार होत नाहीत. इतक्या वर्षांत आपल्या शिलेदारांच्या मुलांतून पलटणीचे कप्तान तयार करणारी एक शाळा कोणी काढली नाही. चूक म्हणायची तर मी ती म्हणेन.

अण्णा सातारकर

सुमेधाताईंच्या मुद्द्याला पगाराची जोड देतो. घोडदळातला शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येतो. दोन महिने पैसे मिळाले नाहीत तर तो मुलूखगिरीवर भागवतो किंवा घरी शेतीवर जातो. कवायती शिपायाला ती सोय नाही. त्याला महिन्याच्या महिन्याला रोख लागते, दारूगोळा रोज खर्च होतो, बैलांना रोज वैरण लागते. दोआबाची नेमून दिलेली वसुली असल्यामुळे द बॉयन्यच्या काळात पगार वेळेवर होत. 12 फेब्रुवारी 1794 रोजी वानवडीला महादजींचा अंत झाला आणि त्यांच्यामागे दौलतराव आले. फौजेचा खर्च भागवण्यासाठी 1798 मध्ये त्यांचे सासरे सर्जेराव घाटग्यांनी पुण्याच्या सावकारांचे काय हाल केले, ते आमच्या भागात अजून सांगितले जाते. ज्या दौलतीला पगारासाठी आपलीच राजधानी लुबाडावी लागते, तिने कोणतीही युद्धपद्धत घेतली असती तरी ती टिकली नसती.

रानवारा

अण्णा, हा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. जी फौज आपल्याला पोसता येत नव्हती ती उभारलीच का? 1804 मध्ये यशवंतराव होळकरांनी कर्नल मॉन्सनला कसे पळवले ते पाहा. मुकुंदरा घाटापासून आग्र्यापर्यंत, जुलै आणि ऑगस्टच्या पावसात, चंबळ आणि बनास दुथडी भरलेल्या, आणि मागे होळकरांचे घोडदळ. आग्र्याला पोहोचला तेव्हा त्याच्या फौजेची पुरती वाताहत झाली होती. जे असईला शंभर तोफांना जमले नाही ते घोड्यांनी आणि पावसाने करून दाखवले.

सुमेधा_द

रानवारा, ते उदाहरण मलाही प्रिय आहे, पण त्याच वर्षीचा नोव्हेंबर विसरू नये. लेकने दोन आठवडे होळकरांचा पाठलाग केला आणि शेवटी एका दिवसरात्रीत पन्नास मैलांहून अधिक कूच करून 17 नोव्हेंबरला पहाटे फर्रुखाबादजवळ त्यांच्या झोपलेल्या तळावर घोडदळ घातले. म्हणजे तोपर्यंत इंग्रज आपला डाव शिकले होते.

वेलस्ली तर ते आधीच शिकला होता. त्याने म्हैसूरचे चांगले बैल आणले, धान्यासाठी बंजाऱ्यांचे तांडे बांधून घेतले आणि मुद्दाम पावसाळ्यात मोहीम काढली, कारण नद्या भरल्या की मराठा घोडदळाच्या हालचाली अडतात आणि त्याच्याजवळ मात्र नदी ओलांडण्यासाठी होड्या असतात. गनिमी कावा चालतो तो शत्रूची रसद तुटते म्हणून. ज्याची रसद तुटत नाही त्याच्याभोवती घिरट्या घालून काय मिळणार? नुसते घोडदळ ठेवले असते तरी 1803 मध्ये आपण जिंकलो असतो, याची खात्री मला वाटत नाही.

अण्णा सातारकर

दोघांच्या मधली एक वाट आहे, आणि ती आपल्याच इतिहासात आहे. जानेवारी 1779 मध्ये मुंबईकर इंग्रज बोरघाट चढून पुण्यावर चालून आले. तेव्हा महादजी शिंदे, हरिपंत फडके, तुकोजी होळकर ही मंडळी एकत्र होती. वाटेतला मुलूख ओस पाडला, वैरण जाळली, तळेगाव मोकळे करून पेटवून दिले. त्याच वेळी भिवराव पानशांचा तोफखानाही कामाला होता. ज्याला आपले लोक इष्टूर फाकडा म्हणत तो कॅप्टन स्टुअर्ट कार्ल्याजवळ तोफेच्या गोळ्यानेच पडला. माघार घेणाऱ्या फौजेला वडगावला गाठून तह करायला लावला. घोडा आणि तोफ एका हुकमाखाली होती, आणि हुकूम देणारे मैदानात हजर होते.

असईला नेमके हेच नव्हते. तीस हजारांच्या वर घोडदळ लढाईभर जवळजवळ उभे राहिले आणि दोन्ही राजे निकाल लागण्याआधीच निघून गेले. पायदळ एकटे लढले. इंग्रजांची 74वी पलटण चुकून असई गावाच्या तोफांसमोर गेली, पाचशेपैकी सुमारे चारशे माणसे पडली, उरलेल्यांनी मेलेल्या सोबत्यांच्या देहांचा आडोसा केला. त्या क्षणी हुजरातीचे, म्हणजे राजाच्या खास पथकाचे, दोन हजार घोडे जोराने तिथे आणि मागच्या बाजूला घातले असते तर? शिंद्यांच्या काही स्वारांनी हल्ला केलाही, पण त्यांना पाठबळ मिळाले नाही आणि इंग्रजांच्या मॅक्सवेलच्या घोडदळाने त्यांना मागे रेटले. मॅक्सवेल स्वतः त्याच दिवशी पडला.

आणखी एक गोष्ट बोचते. केळणेच्या दक्षिण काठावर वेलस्लीच्या बाजूने मराठा घोडदळच पहारा देत होते, पेशव्यांतर्फे बापू गोखले होते. हेच बापू गोखले 1818 च्या फेब्रुवारीत इंग्रजांशी लढता लढता आष्टीला पडले.

टोरोंटोकर

मी बराच काळ वाचक म्हणून होतो, आज लिहितो आहे. असईला लढलेल्या 74व्या आणि 78व्या हायलँडर पलटणींना आणि 19व्या ड्रॅगून घोडदळाला त्यांच्या सरकारने हत्तीचे चिन्ह आणि ‘असई’ हा शब्द निशाणावर मिरवण्याचा मान दिला. तिकडच्या संग्रहालयात तो हत्ती पाहिला तेव्हा काचेसमोरून पाय हलेना. मद्रासी शिपायांच्या पलटणीही त्यांच्याबरोबर लढल्या. पण तोफेखाली पडून राहून पुन्हा उठलेल्या त्या गोलंदाजांपैकी एकाचेही नाव मला कुठे वाचायला मिळालेले नाही. त्यांत अवधचे, दोआबचे, दख्खनचे, हिंदू आणि मुसलमान असे सगळेच असणार. कोणाला एखादे नाव माहीत असेल तर कृपया इथे लिहावे.

रानवारा

टोरोंटोकर, नाव मलाही माहीत नाही. अण्णांच्या वडगावच्या उदाहरणाने मी विचारात पडलो आहे. पायदळ आणि तोफखाना ठेवणे हीच चूक, असे मी म्हणत होतो. आता म्हणेन की घोडदळाला त्यांच्यापासून तोडले ही चूक. पण वेलस्लीच्या त्या पत्राचे वजन मी कमी मानत नाही.

बखरवाचक

धागा काढताना इतके हाती लागेल असे वाटले नव्हते. माजी तोफखाना, सुमेधाताई, अण्णा, केळणाकाठ, सर्वांचे मनापासून आभार. माझ्या मूळ प्रश्नावर मी आता इथे येऊन थांबलो आहे: तोफ घेतली, बंदूक घेतली, कवायत घेतली, आणि ती आपल्या शिपायाने पुरेपूर आत्मसात केली. मात्र ती चालवणारा अधिकारी आणि तिला पोसणारा खजिना आपण उसना ठेवला. असईची फळी फिरवण्याचा हुकूम हॅनोव्हरच्या माणसाने दिला, आणि ती फळी इतक्या अचूक फिरवणारे आपले लोक होते. त्यांच्यातलाच कोणी पोलमनच्या जागी असता तर त्या उताराची राखण झाली असती का, हे मला केळणाकाठ यांना विचारायचे आहे.

केळणाकाठ

बखरवाचक, त्याचे उत्तर मी कसे देणार? पण जागा दाखवू शकतो. पाऊस बरा झाला तर सप्टेंबरच्या शेवटी दोन्ही नद्यांना पाणी असते, शेतात कपाशी आणि मका उभा असतो, आणि चिखल असा की पायातली चप्पल हातात घ्यावी लागते. ती फौज चालली त्याच दिवसांत यावे, म्हणजे तोफेचा गाडा त्या दरडीवरून कसा नेला असेल याचा अंदाज येतो. 23 तारखेला कोणी येणार असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा. भोकरदनहून पुढची वाट मी दाखवीन. माजी तोफखाना काका, तुम्ही यायलाच हवे. तोफा कुठे उभ्या असतील ते तुमच्याकडून समजून घ्यायचे आहे.

माजी तोफखाना

येतो. गमबूट आणि होकायंत्र घेऊन येतो.